काळी आणि पांढरी

आमच्या घरच्या जुन्या पेटीत मोडीतला एक कागद आहे. वतनाच्या तपशिलात त्यात ‘काळी व पांढरी’ असे शब्द येतात. लहानपणी आजोबांनी तो वाचून दाखवला, तेव्हा मला वाटले, या दोन गायी असाव्यात. आजोबा खूप हसले. म्हणाले, “अरे, अख्खं गाव आहे ते! काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची.”

इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून हे शब्द आता गेलेच. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही जोडी भेटते. पण गाव मातीच्या दोन रंगांनी का ओळखावे?

काळीचे उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांतूनच दख्खन आणि आपला माळवा घडला. हा फत्तर झिजून फुगणारी, चिकट माती होते; उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात. कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे ती काळी, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तिच्यातला सेंद्रिय अंश पुष्कळदा शेकडा एकही नसतो. जो असतो तो चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो आणि सगळ्या मातीला रंग देतो. फत्तरातून आलेले काळे लोहखनिज त्यात भर घालते.

फत्तर तोच, पण पाऊस निराळा, तर रंगही निराळा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे जेमतेम नऊशे-हजार. तिथल्या धारांनी चुना, सिलिका धुऊन नेली, मागे लोह उरले आणि हवा लागून गंजले. म्हणून तिकडे जांभा आणि लाल माती. मुलांचे पांढरे मोजे घेऊन तिकडे गेलेल्या आयांना हे वेगळे सांगायला नको.

पांढरी मात्र माणसाच्या हातची. मातीच्या भिंती पडतात, त्यांवरच नवे घर उठते. चुलीची राख, चुना, शेण, हाडे, खापरे त्यात मिसळत जातात. राखेतला कोळसा जळून गेलेला असतो, चुनखडीचा अंश राहतो. अशी शेकडो वर्षे गेली की काळ्या शिवारात फिकट, राखाडी टेकाड उभे राहते. पुराणवस्तू संशोधक पायी हिंडताना आधी हाच रंग शोधतात.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नावडातोली. अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ यांनी १९५२-५३ मध्ये डॉ. हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. पुढे १९५७ ते ५९ मध्ये पुन्हा मोठे खोदकाम झाले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी काळ्या मातीवर कुडाची गोल आणि चौकोनी घरे बांधली होती. जमिनी शेणामातीने सारवून वर चुन्याचा पातळ हात दिलेला होता. गहू आणि मसुराचे जळके दाणे मिळाले. काळीवर पांढरी चढायला सुरुवात झाली ती अशी. घराला चुना लावणाऱ्या त्या बायकांचे नावगाव कळणार नाही, पण त्यांच्या हाताचा थर सापडला.

आता अडचण अशी की पांढरीची माती खत म्हणून उत्तम. राख आणि हाडांमुळे तिच्यात स्फुरद भरपूर. शिवाय काळीसारखी ती तडकत नाही, म्हणून धाब्यावर पसरायलाही हीच. त्यामुळे टेकाडे गाड्या भरभरून उतरत गेली. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण गाडी भरताना वरचा थर खाली नि खालचा वर होतो, आणि कोणते खापर कोणत्या चुलीजवळचे, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी मी काही वर्षांपूर्वी तो कागद घेऊन गेलो. जुनी पांढरी विचारली. एका वृद्ध शेतकऱ्याने बांधावर उभे राहून हात केला. टेकाड नव्हते. काळ्याभोर रानात एक फिकट पट्टा होता, आणि तेवढ्यात ज्वारी वीतभर उंच होती.