मधमाश्यांची बाग : प्रश्न पावसाळ्यातील फुलांचा

मधमाश्यांसाठी बाग लावताना फुले किती आहेत यापेक्षा ती कोणत्या महिन्यात उमलतात, याला अधिक महत्त्व असते. वसंतात मोहोराची कमतरता नसते. पश्चिम आणि दक्षिण भारतात खरी उपासमार होते ती पावसाळ्यात. संततधारेत माश्यांना बाहेर पडता येत नाही, पराग भिजतो आणि मकरंद पातळ होतो. साठवलेला मध संपला की सातेरी माश्यांची वसाहत पुष्कळदा घर सोडून जाते. पेटीत पाळलेली वसाहतही त्याला अपवाद नाही.

व्यावसायिक मधपाळ या टंचाईवर स्थलांतराचा उपाय करतात. हिवाळ्यात उत्तरेतील मोहरी आणि मार्चमध्ये मुझफ्फरपूरच्या लिचीबागा गाठल्या जातात. केरळात वर्षारंभी रबराच्या कोवळ्या पालवीतून पाझरणारा गोड रस माश्यांना मिळतो. तो फुलांतला नसतो, हे विशेष. सह्याद्रीत जांभूळ आणि हिरडा हे मोठे आधार आहेत. कारवी तर साधारण सात वर्षांनीच सामूहिकरीत्या फुलते. २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झालेले सातारा जिल्ह्यातील मांघर याच डोंगराळ पट्ट्यात आहे.

घरच्या बागेला असे फिरता येत नाही. त्यामुळे वेलवर्गीय भाज्या तिथे मोलाच्या ठरतात. भोपळा, काकडी आणि कारले पावसाळ्यात फुलतात, मका पराग पुरवतो आणि पाठोपाठ तीळ, कारळा व सूर्यफूल येतात. थंडीत कोथिंबीर, बडीशेप व मोहरीची काही रोपे न कापता फुलू द्यावीत. शेवगा उष्ण प्रदेशात वर्षातून एकाहून अधिक वेळा बहरतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची रीत असली, तरी एखाद्या रोपाच्या राखून ठेवाव्यात. दुहेरी पाकळ्यांचे शोभिवंत गुलाब मात्र डोळ्यांपुरतेच. त्यांतील बहुतेक पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात.

जागा लहान असली तरी बिघडत नाही. भिंतीच्या फटीत राहणाऱ्या, डंख नसलेल्या कोती माश्या घरट्यापासून फार दूर जात नाहीत; त्यांना गच्चीवरील चार कुंड्याही उपयोगी पडतात. एकाच जातीची रोपे विखरून न लावता एकत्र लावल्यास माश्यांचे श्रम वाचतात. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवावे, म्हणजे त्या बुडत नाहीत.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर कोणते औषध मारले होते, याची चौकशी अवश्य करावी. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके झाडात भिनतात आणि मकरंदातही उतरतात. संध्याकाळी फवारणी केल्याने हा धोका टळत नाही.