शाळेच्या बसचा चालक : एका उपेक्षित शिक्षणाचा इतिहास

कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या इतिहासात इमारतींची नोंद असते, देणगीदारांची असते, मुख्याध्यापक व शिक्षक यांची असते आणि शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी तर ठळक अक्षरांत असते. परंतु दररोज सकाळी पन्नास-साठ मुलांना घराच्या उंबरठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सुखरूप आणणाऱ्या माणसाची नोंद बहुधा कोठेच आढळत नाही. मुले त्याला ‘ड्रायव्हरचाचा’ किंवा ‘बसवाले काका’ म्हणतात. कार्यालयात मात्र त्याचे नाव पगारपत्रकापुरतेच असते. वास्तविक दूरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाची शाळा बसच्या पायरीवरच सुरू होते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. बसवरचा आईवडिलांचा विश्वास उडाला, तर पुष्कळदा मुलीचे शिक्षणच खुंटते. म्हणूनच या चालकाला वेगळे शिक्षण द्यावे लागते ही गोष्ट जगाला केव्हा व कशी उमगली, याचा धावता इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

घोडागाडीपासून पिवळ्या बसपर्यंत

मुलांना सार्वजनिक खर्चाने शाळेत पोचविण्याची प्रथा अमेरिकेत लवकर रुजली. त्यासाठी सरकारी पैसा वापरण्याची मुभा देणारा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ साली केला आणि १९१९ पर्यंत त्या वेळच्या सर्व ४८ राज्यांत असे कायदे झाले. इंडियाना राज्यातील रिचमंड येथील वेन वर्क्स हा कारखाना १८८६ च्या सुमारास शाळेसाठी घोडागाड्या बनवीत असे. त्यांत मुले दोन्ही बाजूंच्या लांब बाकांवर समोरासमोर बसत. चढण्या-उतरण्याचे दार मागच्या बाजूस असे. पुढे मुलांचा गलका झाला तर घोडी बिथरतील, ही त्यामागील भीती. गाडी हाकणाऱ्याला जनावर आवरता आले की पुरे, अशी त्या काळची समजूत होती.

पुढे घोडी गेली आणि इंजिन आले. वेग वाढला, गाडीची लांबी वाढली, मुलांची संख्याही वाढली. तरीही प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने बस बांधीत असे. हा गोंधळ दूर करण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी एप्रिल १९३९ मध्ये एक परिषद भरविली. सात दिवसांच्या विचारविनिमयानंतर ४४ मानके ठरली. बसची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी यांबरोबरच तिचा रंगही ठरला. पहाटेच्या व संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात उठून दिसणारा आणि ज्यावर काळी अक्षरे स्वच्छ वाचता येतात, असा पिवळा रंग निवडण्यात आला. हाच रंग पुढे शाळेच्या बसची ओळख बनला.

या परिषदेचे ऋण मोठे आहे. तथापि एक गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. परिषदेचा सारा भर वाहनावर होता. बस कशी असावी हे जगाला १९३९ साली कळले; ती चालविणारा कसा घडवावा, हे कळावयास आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

अपघातांनी दिलेले धडे

चालकाच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम दुर्दैवाने अपघातांनीच लिहिला आहे. १ डिसेंबर १९३८ रोजी युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेस, हिमवादळात रूळ ओलांडणाऱ्या शाळेच्या बसवर मालगाडी आदळली आणि चालकासह वीसहून अधिक जीव गेले. रेल्वे फाटकाशी बस थांबवावी, दार उघडावे, कान देऊन ऐकावे आणि मगच पुढे जावे, हा नियम अमेरिकेत दृढ होण्यास अशा दुर्घटना कारणीभूत ठरल्या. आज तेथील चालकाला रुळांपासून १५ ते ५० फूट अंतरावर बस उभी करण्यास शिकवितात. मुलांना गप्प बसविणे, पंखे बंद करणे, खिडकी व दार उघडून गाडीचा आवाज घेणे, हा सारा त्या धड्याचाच भाग होय.

२८ फेब्रुवारी १९५८ रोजी केंटकी राज्यात प्रेस्टन्सबर्गजवळ शाळेची बस एका वाहनाला धडकून पुराने फुगलेल्या नदीत गेली. २६ मुले व चालक मृत्युमुखी पडले. त्याच राज्यात कॅरॉल्टनजवळ १४ मे १९८८ च्या रात्री दारूच्या नशेतील एका इसमाने आपली गाडी समोरून येणाऱ्या बसवर घातली. ही बस पूर्वी शाळेकडे होती. टक्कर झाली तेव्हा बसमधील बहुतेकांना जबर इजा नव्हती. परंतु आग भडकली, धूर कोंडला आणि २७ जण बाहेर पडू शकले नाहीत. संकटकाळी दार कोणते, खिडकी कोणती, लहानांना आधी कोण उतरविणार, याची तालीम चालकाने मुलांकडून आधीच करून घेतली पाहिजे, हा धडा या आगीने कायमचा शिकविला.

आणि २५ ऑक्टोबर १९९५ ची फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथील घटना तर प्रत्येक संस्थाचालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. इलिनॉय राज्यातील या गावी त्या दिवशी नेहमीच्या चालकाऐवजी बदली महिला चालक बस घेऊन निघाली होती. रूळ ओलांडून ती पुढच्या सिग्नलशी थांबली. आपण रूळ पार केले, असे तिला वाटले. परंतु रूळ व सिग्नल यांमधील जागा बसच्या लांबीपेक्षा कमी होती आणि बसचा मागचा भाग रुळांच्या बाजूस राहून गेला होता. भरधाव लोकलने त्या भागाला धडक दिली व सात विद्यार्थी प्राणांस मुकले. चालक बेदरकार नव्हती, नशेत नव्हती, वेगातही नव्हती. त्या वाटेची आणि आपल्या गाडीच्या शेपटाची ओळख मात्र तिला नव्हती.

या अनुभवांतूनच अमेरिकेतील नियम हळूहळू घडले. १९७२ मध्ये विद्यार्थी-वाहतुकीसाठी १७ व्या क्रमांकाचे राष्ट्रीय मानक आले व त्यात चालकाची निवड आणि प्रशिक्षण यांचा विचार झाला. १९८६ च्या कायद्याने अवजड वाहनांसाठी एकसारखा परवाना आणला. १९९९ च्या कायद्यामुळे शाळेच्या बससाठी त्या परवान्यावर स्वतंत्र शेरा घेणे ओघाने आले. आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून हा शेरा प्रथमच मागणाऱ्या प्रत्येकाला नोंदणीकृत संस्थेतून लेखी व प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले. पिवळ्या रंगापासून सक्तीच्या प्रशिक्षणापर्यंतचा हा प्रवास ८० वर्षांहून अधिक काळाचा आहे!

आपल्याकडील वाटचाल

आपल्या देशात या प्रश्नाकडे लक्ष वेधले तेही एका शोकांतिकेने. १८ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून मुलांनी खच्चून भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली व २८ मुले बुडाली. पुढल्याच महिन्यात, १६ डिसेंबर १९९७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मेहता खटल्यात शाळेच्या बससंबंधी निर्देश दिले. खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक साधन, वेगनियंत्रक, सोबत मदतनीस ही त्यांतील काही कलमे. चालकाला अवजड वाहन चालविण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, आणि वेगमर्यादा मोडल्याबद्दल किंवा दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल एकदाही दंड झालेला इसम नको, असेही त्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियम केले आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, असे ठरविले.

हे सर्व स्वागतार्ह होय. परंतु अनुभव आणि प्रशिक्षण या दोन गोष्टी भिन्न आहेत. पाच वर्षे ट्रक हाकलेल्या माणसाला घाट, गिअर आणि ब्रेक उत्तम कळतात. मूल कळतेच असे नाही. ट्रकमधला माल उतरल्यावर चाकाखाली पडलेली पेन्सिल उचलावयास परत धावत नाही. मूल धावते! २४ जुलै २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील मासाईपेट येथे पहारा नसलेल्या फाटकावर नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या पॅसेंजरने शाळेच्या बसला उडविले. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात तसेच घडले व १३ मुले गेली. २०१९ च्या आरंभापर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील अशी फाटके हटविण्यात आली, हे बरेच झाले. फाटक हटविता येते. चालकाला घडविण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.

शिकवावयाचे ते काय?

पहिली गोष्ट म्हणजे बसभोवतालचे दहा फूट. बसच्या अगदी पुढे, चाकांशी व मागे उभे असलेले लहान मूल चालकाला सहजी दिसत नाही. उतरलेली मुले मोजावीत, सर्व आरसे पाहावेत, पुन्हा मोजावीत. एक जरी कमी भरले तर चाक हलवू नये. शाळेच्या आवारात मदतनीस खाली उभा असल्याशिवाय बस मागे घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे मार्गाची ओळख. नव्या चालकाने आधी रिकामी बस घेऊन जुन्या चालकाबरोबर तो मार्ग फिरावा, आणि बदली चालकालाही यातून सूट नसावी. तिसरी गोष्ट, निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, दिवे व संकटकाळचे दार पाहणे. आणि फेरी संपल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जाणे, कारण बाकावर झोपी गेलेले मूल कोणाच्या ध्यानी येत नाही. चौथी गोष्ट, वर्षातून निदान दोनदा मुलांना घेऊन बस रिकामी करण्याची तालीम. आणि पाचवी, मुलांशी बोलण्याची रीत. चालत्या बसमध्ये मागे वळून रागावणारा चालक मुलांना शिस्त लावीत नाही, तो रस्त्याकडे पाठ फिरवितो. ते काम सोबतच्या मावशींचे आहे.

यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. आपल्या राज्यात एस. टी. महामंडळाने पिढ्यान्पिढ्या चालक घडविले आहेत. पुण्याजवळ भोसरी येथे रस्ता-वाहतुकीचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. अशा जाणत्यांपैकी कोणाला तरी बोलावून, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी चार दिवसांचा वर्ग भरविणे कोणत्याही संस्थेला अशक्य नाही. त्या वर्गाच्या शेवटी चालकांना प्रमाणपत्र द्यावे आणि वार्षिक अहवालात शिक्षकांच्या यादीनंतर त्यांचीही नावे छापावीत.

इतिहास सांगतो की या विषयातील बहुतेक नियम कोणाच्या तरी मुलाच्या मृत्यूनंतर लिहिले गेले. ती किंमत दुसऱ्यांनी मोजून झाली आहे. तो धडा आपण पुन्हा त्याच किमतीला विकत घेऊ नये, एवढीच कळकळीची विनंती.