दिवसाची नोकरी आणि रात्रीचें विद्यार्जन

दिवसभर कचेरींत खर्डेघाशी करून किंवा यंत्राशेजारीं उभें राहून सायंकाळीं घरीं परतलेल्या माणसानें पुन्हां दिव्यापाशीं पुस्तक उघडावें काय? आणि उघडलेंच, तर इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांची पदवी मिळविण्यासाठीं उघडावें काय? वरवर पाहतां हा प्रश्न घरगुती दिसतो. पगार वाढेल कीं नाहीं, प्रकृति टिकेल कीं नाहीं, मुलाबाळांच्या वांट्याचा वेळ जाईल कीं काय, एवढाच त्याचा विस्तार वाटतो. परंतु या प्रश्नामागें सुमारें दोनशें वर्षांचा इतिहास आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांना तो आज पडला असेल, त्यांच्यापूर्वीं अनेक कारकून, शिक्षक, कुंभार व खाणमजूर त्याचें उत्तर शोधून गेले आहेत. हा शोध मुख्यतः इंग्लंडांत झाला. कारण कारखान्याच्या भोंग्यानें माणसाच्या दिवसाचे कामाचा वेळ आणि स्वतःचा वेळ असे दोन तुकडे मोठ्या प्रमाणावर प्रथम तेथेंच पाडले.

१८२३ सालीं लंडनांत डॉ. जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकारानें यंत्रकामगारांसाठीं एक शिक्षणसंस्था निघाली. तत्पूर्वीं ग्लासगो येथें कारागिरांसमोर व्याख्यानें देतांना, हातांत हत्यार धरणारा मनुष्य त्या हत्यारामागील शास्त्र जाणण्यासही उत्सुक असतो, हें डॉक्टरांच्या ध्यानीं आलें होतें. वर्ग सायंकाळीं भरत. १८३० पासून स्त्रियांनाही तेथें प्रवेश मिळूं लागला. परंतु या संस्थेंत ज्ञान मिळे, पदवी मिळत नसे. पदवी हवी असेल तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथें जाऊन राहिलें पाहिजे, आणि शिवाय राजमान्य धर्मपंथाचें असलें पाहिजे, असा तेव्हांचा नियम होता. ही पंथाची अट कायद्यानें उठावयास १८७१ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं, १८३६ सालीं, केवळ परीक्षा घेऊन पदवी देणारें लंडन विद्यापीठ सनदेनें स्थापन झालें, आणि १८५८ च्या नव्या सनदेनें एक मोठें पाऊल टाकलें. वैद्यकासारखे विषय सोडल्यास, उमेदवारानें अमुक महाविद्यालयांत हजेरी लावलीच पाहिजे, ही अट त्या सनदेनें काढून टाकली. १८७८ सालीं स्त्रियांनाही हें द्वार मोकळें झालें.

पदवीकडे जाण्याची ही पहिली वाट. तिच्यांत एक न्याय होता. परीक्षक उमेदवाराचें कुल किंवा धंदा पाहात नसे. केवळ उत्तरपत्रिका पाही. खेड्यांतील शिक्षकानें रात्रीं अभ्यास करावा आणि परीक्षेच्या दिवशीं लॉर्डाच्या मुलाइतक्याच अधिकारानें लेखणी उचलावी, हें आतां शक्य झालें. परंतु या वाटेवर सोबतीला गुरु नव्हता. प्रवेशपरीक्षेंत लॅटिनची सक्ति होती, आणि ती भाषा ज्याला शाळेंत मिळाली नाहीं, त्यानें ती एकट्यानें कशी शिकावी याचें उत्तर विद्यापीठापाशीं नव्हतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं १८८७ सालीं विल्यम ब्रिग्ज यांनीं टपालानें शिकविणारी संस्था काढली. परंतु काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय केवळ टिपणें पाठ करून अंगीं लागत नाहींत. त्यांना प्रश्न विचारणारा, मत खोडून काढणारा, चुकल्यास हंसणारा माणूस समोर लागतो.

ही दुसरी गरज अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनीं ओळखली. चौदाव्या वर्षीं शाळा सुटलेला, सहकारी संस्थेंत कारकुनी केलेला हा गृहस्थ. १९०३ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें कामकरी लोकांच्या उच्च शिक्षणासाठीं एक मंडळ स्थापन केलें. ऑगस्ट १९०७ मध्यें ऑक्सफर्ड येथें परिषद भरली, आणि जानेवारी १९०८ मध्यें रॉचडेल व लाँगटन या गांवीं पहिले वर्ग सुरू झाले. शिक्षक होते आर. एच. टॉनी आणि विषय होता आर्थिक इतिहास.

लाँगटन हा चिनी मातीच्या भांड्यांच्या धंद्याचा गांव. वर्गांत भांडीं घडविणारे होते, खाणमजूर होते, कारकून व शिक्षक होते. एक तास व्याख्यान आणि एक तास वादविवाद, असा क्रम असे. प्रत्येकानें पंधरवड्याला एक निबंध लिहावयाचा आणि तीन वर्षें वर्ग सोडावयाचा नाहीं, अशी शर्त होती. आठ-दहा तास मातींत राबलेल्या हातानें रात्रीं निबंध लिहिणें म्हणजे काय, हें ज्यानें तो लिहिला त्यालाच ठाऊक. आणि या साऱ्या श्रमाच्या अखेरीस पदवी नव्हती! तरीही माणसें टिकलीं. आपला गांव असा कां आहे, आपली मजुरी कोणत्या कारणपरंपरेनें ठरली, हें त्यांना समजून घ्यावयाचें होतें. लाभ एकतर्फीही नव्हता. टॉनी यांनीं आपल्या १९१२ सालच्या शेतजमिनीविषयींच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत विणकर, कुंभार व खाणमजूर यांच्याशीं झालेल्या वादांपासून आपण पुष्कळ शिकलों, असें मोकळ्या मनानें कबूल केलें आहे.

या मार्गावर आक्षेपही आले. विद्यापीठाची विद्या कामकऱ्याला त्याच्या बांधवांपासून तोडील, त्याला अर्धवट साहेब बनवील, अशी शंका खुद्द कामकऱ्यांनाच होती. १९०९ सालीं ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजांतील कामकरी विद्यार्थ्यांनीं संप केला, त्याच्या मुळाशीं हाच वाद होता. ही शंका पोकळ नव्हती. परंतु लाँगटनच्या विद्यार्थ्यांनीं तिला आपल्या कृतीनें उत्तर दिलें. १९११ पासून ते आसपासच्या खाणींच्या खेड्यांत जाऊन स्वतः वर्ग चालवूं लागले. शिकलेला मनुष्य दूर गेला नाहीं. तो शिकविण्यासाठीं परत आला.

पदवी आणि गुरु या दोन वाटा पुढें हळूहळू जवळ आल्या. बर्कबेक यांची संस्था १९२० सालीं लंडन विद्यापीठांत सामील झाली आणि सायंकाळच्या वर्गांतूनच पदवी मिळूं लागली. १९६९ सालीं इंग्लंडांत मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. १९७१ मध्यें सुमारें २४,००० विद्यार्थी तेथें शिकूं लागले. त्यांना पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. पाठ टपालानें व नभोवाणीनें येत, आणि निबंध तपासण्यास व भेटण्यास शिक्षकही असे.

महाराष्ट्राची कथा याच धाग्याला जोडलेली आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें लंडनच्या नमुन्यावर. परंतु तो नमुना १८५८ पूर्वींचा होता! लंडननें पुढल्याच वर्षीं हजेरीची अट सोडली. येथें ती सामान्यतः कायम राहिली. त्यामुळें पोटासाठीं लौकर नोकरी धरलेल्या मराठी तरुणाला कला शाखेची पदवी बहुधा दुरूनच पाहावी लागली. १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नानें मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय निघालें. तेथें वर्ग सकाळीं भरत, म्हणून नोकरी करणाऱ्यांना ते साधत. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि घर व नोकरी न सोडतां मराठींतून पदवीपर्यंत जाण्याची सोय झाली.

द्वार उघडलें म्हणून प्रत्येकानें आंत गेलेंच पाहिजे, असें नव्हे. जो निर्णय करूं पाहतो त्यानें प्रथम आपल्या मनाला विचारावें, कीं पदवी मिळाली नाहीं तरीही हा विषय आपण वाचला असता काय? लाँगटनच्या कुंभारांनीं याचें उत्तर होकारार्थी दिलें होतें. नंतर आठवड्याचे तास मोजावे, आणि एका वर्षाचे नव्हे, अनेक वर्षांचे मोजावे. वादाला एखादा तरी सोबती मिळेल काय, हें पाहावें. आणि शेवटीं घरांतील माणसांशीं बोलावें. कारण रात्रीचा तो तास एकट्याचा नसतो. ज्याचें घर तो तास राजीखुशीनें देईल, त्यानें वय झालें, उशीर झाला, असें म्हणून पुस्तक मिटूं नये.