लोखंडी पेटी आणि आपल्या इतिहासाची साधने

महाराष्ट्रात इतिहासाची साधने म्हटली की वाडे, रुमाल आणि दप्तरे डोळ्यांसमोर येतात. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली काढला. पुढे 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. जुने कागद मिळवण्यासाठी ही मंडळी गावोगाव हिंडली. ते काम मोठे होते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या शोधाची वाट वाड्यांकडे जाणारी होती, वेशीबाहेर जाणारी नव्हती. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षराची बंदी, त्यांच्या घरी कागद कुठला, असेच गृहीत धरलेले होते. विसाव्या शतकात हे गृहीत खोटे ठरले. महारवाड्यात पत्र्याच्या पेट्या आल्या, आणि पेटीबरोबर कागदही आला.

पेटीला कुलूप असते. कुलूप लावण्याजोगे काही असले तरच माणूस पेटी घेतो. गावकीत बांधलेल्या महाराला बलुते मिळे ते धान्याचे, आणि दारोदार मागून आणलेल्या भाकरीचे. त्यासाठी मडक्यांची उतरंड आणि एखादे गाठोडे पुरेसे होते. पेटी आली ती पलटणीतून, गिरणीतून, रेल्वेतून. म्हणजे रोख पगाराच्या वाटेने. म्हणून दलित कुटुंबातील जुनी पेटी ही गावकीतून बाहेर पडलेल्या पहिल्या पावलाची खूण आहे.

याचे एक उदाहरण माझ्याच घरातले देतो. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे आमचे गाव. 1885 साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागाचे रूप पालटले; ऊस आला, जमिनीला मोल आले. त्या गावच्या वस्तीतली एक काळी लोखंडी पेटी आजीकडून माझ्याकडे आली. ती माझ्या पणजोबांची. ते 111 व्या महार पलटणीत शिपाई होते.

या पलटणीमागे मोठा झगडा आहे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची 'नाक'प्रत्ययी नावे कोरलेली आहेत त्यांच्याच वंशजांना 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, सासवडला, 51 गावांच्या महारांची सभा 1903 साली भरवली आणि 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पण दार उघडले ते महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. 1917 साली पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 साली मोडली. पुन्हा महार रेजिमेंट निघाली ती 1941 साली, दुसऱ्या महायुद्धात.

पेटीतला सर्वांत जुना कागद पणजोबांच्या सुटकेचा आहे. त्यावर चालचलणूक चांगली असल्याचा शेरा आहे. त्या शेऱ्याचे गावात काय झाले ते कागदावर नाही, ते आजीने सांगितले. पलटणीचा कोट पेटीत गेला आणि येसकरपाळी आली तेव्हा पणजोबांनी पुन्हा काठी हातात घेतली. कोट अंगावर घालून ते चावडीपुढून कधी गेले नाहीत. कागद साल सांगतो, माणसाने मोजलेली किंमत आजी सांगते. इतिहासकाराला दोन्ही साक्षी लागतात.

दुसरा कागद वतनाच्या जमिनीचा. 1874 च्या कायद्याने महारकी वंशपरंपरेने बांधून ठेवली होती. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात वतने गेली ती 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने. मात्र हाडकी-हाडोळा आपोआप कसणाऱ्याचा झाला नाही. तो फेरबहाल करून घेण्यासाठी सरकारात रक्कम भरावी लागली. आजीने पायातले चांदीचे वाळे मोडले आणि ती रक्कम भरली. पावतीवर नाव आजोबांचे आहे. वाळ्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

1956 नंतर पेटीतले देव नीरेच्या पाण्यात सोडले गेले आणि त्या जागी बाबासाहेबांचे छायाचित्र आले. त्याखाली 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामाची हजेरीची चिठ्ठी आहे. ज्या गावाच्या शिवारातून कालवा वाहतो त्या गावची माणसे खडी फोडायला का गेली, याचे उत्तर ती चिठ्ठीच देते. कालव्याचे पाणी जमिनीला मिळते; जमीन नसलेल्याला नाही.

पेटी उघडल्याने काय घडते याचे सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांचेच आहे. 1917 साली लंडनहून परतताना त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान, त्यातल्या ग्रंथांसह, पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले. नुकसानभरपाई मिळाली 600 रुपये. त्यांच्या निधनानंतर उरलेली हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. वसंत मून यांच्या संपादनाखाली ती 1979 पासून खंडरूपाने येऊ लागली. 1987 साली चौथा खंड निघाला तेव्हा सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. बंद पेटीतल्या कागदाची ताकद ती!

आज या पेट्या भंगारात जात आहेत. नव्या घरात त्यांना जागा नाही, आणि शिकलेल्या मुलांना त्यांची लाज वाटते. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे थांबवले पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या पेटीतील कागदांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक कागदापुढे घरातल्या वृद्ध स्त्रीची साक्ष तिच्याच शब्दांत लिहावी. तारखा तिला आठवणार नाहीत, त्या कागदावर आहेत. जे कागदावर नाही ते तिच्याबरोबर जाईल. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही ही तक्रार आपण बरीच वर्षे केली. ती खरीही आहे. पण पेटीची किल्ली आता आपल्याच हातात आहे.