पुस्तकात असं नव्हतं!

लहानपणी वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर चित्रपट निघाला, की मध्यंतरात एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘पुस्तकात असं नव्हतं!’ बोलणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. शेजारी त्याची मुले बटाटेवडा खाण्यात गुंग असतात. त्यांना चित्रपट आवडलेला असतो. पुस्तक त्यांनी वाचलेले नसते. बाप मात्र मनातल्या मनात पानापानाशी पडदा ताडून पाहत असतो आणि प्रत्येक फरकापाशी त्याला टोचणी लागते.

ही टोचणी कशाची? मोठेपणी वाचलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि त्यात दोन प्रसंग इकडचे तिकडे झाले, तर आपण फारसे मनावर घेत नाही. लहानपणच्या पुस्तकाचे तसे नसते. ते पुस्तक लेखकाने लिहिलेले असते आणि अर्धे आपण मनात रचलेले असते. ‘श्यामची आई’मधले घर कोकणातल्या पालगडचे. पण मोहोळ-माढ्याकडच्या ज्या मुलाने कोकण कधी पाहिलेच नव्हते, त्याने श्यामचे घर बांधले ते आपल्या ओळखीच्या माळवदाचे. श्यामची विहीर त्याने आपल्या मळ्यात खणली. साखर पेठेतल्या तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या मुलाने त्या आईला स्वतःच्या अम्माचा चेहरा दिला असेल, तर त्यात नवल नाही. मग पडद्यावर कौलारू घर येते, नारळी-पोफळी येतात. चित्रपटच खरा असतो, तरी वाचकाचे घर मोडते. तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

चित्रपट आणि पुस्तक यांच्या या नात्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ‘श्यामची आई’च. साने गुरुजींनी त्या आठवणी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या. ९ फेब्रुवारीला त्यांनी सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन थांबवले. काही भाग पुढे बाहेर आल्यावर लिहिला. पुस्तक १९३५मध्ये निघाले. त्यात प्रकरणे नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज आईची एक आठवण सांगतो, अशी ती मांडणी. हे पुस्तक मुळातच ‘सांगितलेले’ आहे आणि सांगणारा माणूस निवड करूनच सांगत असतो. आईचे आयुष्य जसेच्या तसे त्यातही नाही. गुरुजींना जे मुलांपर्यंत पोहोचवायचे होते, ते त्यात आहे.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्यांच्या मागे आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला आणि ६ मार्च १९५३ रोजी तो झळकला. अत्रे म्हणजे विनोद, विडंबन आणि वादंग. हा माणूस ‘श्यामची आई’ काढणार, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटावी अशी होती. त्यात आईच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडल्या वनमाला. सोहराब मोदींच्या १९४१च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर झळकलेली ही देखणी नायिका आता कोकणातल्या गरीब घरातली, अंगावर साधे लुगडे नेसलेली आई होणार होती. श्याम झाले माधव वझे, जे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले. संगीत वसंत देसाई यांचे. राष्ट्रपती सुवर्णपदक सुरू झाले, तेव्हा १९५३च्या चित्रपटांतून पहिले पदक याच चित्रपटाला मिळाले. त्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, यावरून त्या यशाचे वजन कळावे.

आता गंमत पाहा. या चित्रपटातले आज सर्वांना काय आठवते? ‘छडी लागे छमछम’ हे गाणे. आणि द्रौपदीने आपले भरजरी पीतांबर फाडून कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली, त्या कथेवरचे गाणे. दोन्ही आशा भोसले यांच्या आवाजातली. पैकी एकही पुस्तकात नाही. पहिले वसंत बापटांनी लिहिले, दुसरे खुद्द अत्र्यांनी. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य इथे शंभर टक्के लागू पडते. तरी त्याबद्दल कुरकुर करणारा मराठी माणूस शोधून सापडत नाही. उलट ज्यांनी पुस्तक वाचले आहे, त्यांतल्याही कित्येकांना ती गाणी मूळचीच वाटतात.

असे का झाले? मला वाटते, ती भर कोणी घातली, हे पाहिले पाहिजे. अत्रे हे हाडाचे शिक्षक. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षे शाळा चालवली. ‘नवयुग वाचनमाला’ काढून मराठी मुलांच्या हातातले क्रमिक पुस्तक त्यांनी पालटून टाकले. वर्गातले मूल कशाला हसते आणि कशाला भिते, हे त्यांना ठाऊक होते. वसंत बापट राष्ट्र सेवा दलातले. गुरुजींच्या विचारांच्या घरातच वाढलेले. द्रौपदीची कथा तर आपल्या बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेली. म्हणजे ही भर परक्याने घातलेली नव्हती. आईच्या मायेचीच ती आणखी एक रात्र होती.

दुसरे असे, की आईचा स्वभाव अत्र्यांनी बदलला नाही. पुस्तकातली आई नुसती लाड करणारी नाही. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती फोकाने मारते आणि विहिरीवर धाडते. पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलासाठी ती आपला पदर पसरते, पण त्याबरोबर मनही तसेच स्वच्छ ठेवायला सांगते. मारणारा हात आणि पदर पसरणारा हात एकच आहे. चित्रपटाने यातला एकच हात ठेवला असता, तर वाचकांनी तो स्वीकारला नसता.

जगात इतरत्रही हेच दिसते. ‘विझर्ड ऑफ ओझ’ या १९००च्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटात रंगांची नवलाई होती, म्हणून ते माणकांसारखे लाल केले. आज जगाला लाल बूटच ठाऊक आहेत. याउलट ‘मेरी पॉपिन्स’ची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स. १९६४मध्ये डिस्नेने तिच्या पुस्तकावर चित्रपट काढला, तो जगभर चालला, पण तिला तो रुचला नाही. विशेषतः त्यातली हलती चित्रे तिला खुपत राहिली. तिची मेरी कडक होती. पडद्यावरची फार गोड झाली, असे तिला वाटे. बूट बदलले तर चालते, माणूस बदलला तर चालत नाही, असा याचा अर्थ.

सत्यजित राय यांना हे नेमके कळले होते. त्यांनी १९६९मध्ये आपल्या आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या कथेवर ‘गुपी गाइन बाघा बाइन’ काढला आणि त्यात स्वतः रचलेली गाणी घातली. ‘शोनार केल्ला’ तर त्यांचेच पुस्तक. पुस्तकात खरा बदमाश कोण, हे शेवटी कळते. १९७४च्या चित्रपटात ते आधीच उघड केले आहे. स्वतःच्या पुस्तकाशीही त्यांनी अक्षरनिष्ठा ठेवली नाही. पुढे तर उलटी गंगा वाहिली. चित्रपटात जटायूचे काम करणारे संतोष दत्त लोकांना इतके भावले, की नंतरच्या पुस्तकांतल्या चित्रांत राय जटायूला संतोष दत्तांचाच चेहरा देऊ लागले.

आपल्या ‘फास्टर फेणे’ची कसोटी अशीच लागली. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीसारखा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा. तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढण्याची त्याची सवय तर एका पिढीच्या मुलांनी उचलली होती. दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला, तेव्हा तो शाळकरी होता. २०१७मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला आणि परीक्षांच्या काळ्या धंद्याशी त्याची गाठ पडली. ज्यांचे बालपण या पुस्तकांत गेले, त्यांनी विचारणारच, ‘अहो, आमचा शाळेतला फेणे कुठे गेला?’ प्रश्न रास्त आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मोठ्यांना चकवणे, यातच त्या गोष्टींची मजा होती. तेच धाडस विशीतल्या तरुणाने केले, तर त्यात लहान मुलाला ‘हा माझ्याएवढाच’ असे वाटण्याचा आनंद उरत नाही. निर्मात्यांनी एक गोष्ट जाणून केली. भा. रा. भागवतांनाच पात्र म्हणून पडद्यावर आणले आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांना दिली. जुन्या वाचकाला दिलेला तो मानाचा विडाच म्हणायचा. पण शाळकरी फेणे अजून मोठ्या पडद्याची वाट पाहतो आहे.

आपल्या सोलापूरला पडद्याच्या ताकदीचा अनुभव जुना आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. ते १९३८मध्ये चीनला गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या डोळ्यांपुढे कोटणीस म्हटले की शांतारामबापूंचा चेहरा येतो. एका माणसाची कीर्ती घरोघर नेण्याचे मोठे काम चित्रपटाने केले. त्याची किंमत अशी, की खरा चेहरा पाहायला मुद्दाम छायाचित्र शोधावे लागते.

‘श्यामची आई’च्या बाबतीतही अशी एक किंमत आपण मोजली आहे आणि ती आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चित्रपटाने मराठी माणसाला इतके रडवले, की पुढे साने गुरुजी म्हणजे हळवे, अश्रू ढाळणारे गुरुजी, असेच समीकरण होऊन बसले. ‘श्यामची आई’ म्हणजे रडके पुस्तक, असे आजची मुले न वाचताच म्हणतात. दोष एकट्या चित्रपटाचा नाही. आपण त्यातले पाणी लक्षात ठेवले, विस्तव विसरलो.

तो विस्तव पुस्तकात आहे. ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र काढून वाचा. गावातली एक म्हातारी महारीण, डोक्यावरून पडलेली लाकडांची मोळी, आणि शिवायचे कसे म्हणून बाजूला झालेले गाव. तिला मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते. तो काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सांगण्याचे धैर्य कळते. हाच श्याम पुढे मोठा झाला आणि १ मे १९४७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसला. मागणी एकच होती. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करा. त्याआधी काही महिने त्यांनी या मागणीसाठी महाराष्ट्र पालथा घातला होता. १० मे रोजी मागणी मान्य झाली आणि उपोषण सुटले. हळव्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने दहा दिवस पोटात अन्न न घेता शतकांचे दार उघडायला लावले. म्हातारीची मोळी आणि विठोबाचे दार यांच्यामध्ये एकच आई उभी आहे.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ आला. रंगीत जमान्यात तो मुद्दाम कृष्णधवल काढला होता. ओम भूतकर यांनी साने गुरुजी उभे केले, गौरी देशपांडे आई झाल्या. जुन्या चित्रपटावर वाढलेल्या प्रेक्षकाने त्याची तुलना वनमालांशी करावी, हे ओघानेच आले. म्हणजे पाहा, १९५३मध्ये ज्याला पुस्तकाशी ताडून पाहिले गेले, तो चित्रपटच सत्तर वर्षांनी मूळ ग्रंथाच्या जागी बसला! नव्या चित्रपटात गुरुजी स्वतः पात्र म्हणून येतात. लहान श्यामचा पुढे कोण झाला, हे मुलांना दिसते, याचे मोल मला मोठे वाटते. २०२५मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. एकाच पुस्तकावरचे दोन चित्रपट, सात दशकांच्या अंतराने, दोन्ही राष्ट्रीय सन्मानाचे मानकरी ठरले.

तेव्हा ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य जरूर म्हणावे. ते प्रेमाचेच वाक्य आहे. मात्र ते मध्यंतरात म्हणून सोडून देऊ नये. घरी आल्यावर पुस्तक काढावे. घरात नसेल, तर हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या गावच्या ग्रंथालयात मिळेल. मुलांना रोज एक रात्र मोठ्याने वाचून दाखवावी. वाचताना मध्ये थांबून चित्रे दाखवू नयेत. आपण रेडिओ ऐकतो, तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा आपणच मनाशी काढतो. मुलांनाही त्यांची आई, त्यांचे घर, त्यांची विहीर मनात बांधू द्यावी. चित्रपट नंतर दाखवावा आणि दिग्दर्शकाने काय गाळले, काय घातले, हे त्यांनाच विचारावे. आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाल, तेव्हा दर्शनाच्या रांगेत उभे असताना मुलांना त्या म्हातारीच्या मोळीची गोष्ट सांगा. ती रांग सर्वांची कशी झाली, हे त्यांना तिथेच कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)