विजयस्तंभापासून सातबाऱ्यापर्यंत

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी आले. १ जानेवारी १८१८ च्या तेथील लढाईत शिरूरच्या छावणीतून निघालेल्या कंपनीच्या फौजेत महार शिपाई होते. पुढे त्याच इंग्रजांनी महारांना लष्कराचे दार बंद केले. बाबासाहेबांनी सभेत या कृतघ्नपणावर बोट ठेवले आणि बंदी उठवण्यासाठी सरकारशी झगडा, असे लोकांना सांगितले. पूर्वजांच्या पराक्रमाला नुसता नमस्कार करून ते परतले नाहीत. त्या पराक्रमातून त्यांनी सत्तेला विचारायचा प्रश्न काढला. नेतृत्वाची खरी कसोटी हीच.

त्याच वर्षी ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले आणि १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. वतनदार महाराने रात्रंदिवस सरकारसाठी व गावासाठी राबायचे आणि बदल्यात थोडी इनामजमीन व बलुते घ्यायचे. तेही रयतेची मर्जी असेल तर! बिल संमत झाले नाही. वतन नष्ट करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर. वतनाच्या जमिनी सरकारजमा होऊन ठरावीक रक्कम भरल्यावर परत मिळणार होत्या. त्या विकायच्या तर कलेक्टरची परवानगी आवश्यक ठरली.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. जेथे कारखाना येतो तेथे जमिनीला भाव येतो. अशा वेळी वतनाची जमीन कोणाच्या नावावर आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे, परवानगी खरोखर घेतली होती काय, हे आपल्या वस्तीचे पहिले राजकीय प्रश्न ठरतात. ते उमेदवाराला विचारतो कोण?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ राखीव नाहीत. म्हणून आपले मत वाया जाते, अशी तक्रार ऐकू येते. येथे इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती : एक स्वतःच्या मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण दुसरे मत गेले. त्याचे मोल बाबासाहेब जाणून होते, कारण सवर्ण उमेदवाराला आपल्या दारी आणून जाब विचारण्याचे ते साधन होते. शिरूर-दौंडमध्ये आपण आज जे मत टाकतो, त्याचे काम तेच आहे. ते आपण जेवणावळीवर, फार तर समाजमंदिराच्या आश्वासनावर देऊन टाकतो आणि मग पुढारी नालायक निघाला म्हणून हळहळतो.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला. तो त्यांच्या अनुयायांनाही लागू आहे. १ जानेवारीला स्तंभापाशी लोटणारा जनसागर हे आपले बळ आहे. पण त्यातले किती जण पुढच्या ग्रामसभेत सातबारा हातात घेऊन उभे राहतात? तेवढे जरी उभे राहिले, तरी पुढाऱ्याला तयारी करूनच गावात यावे लागेल.