अनुमोदना आणि संमतिपत्र

जैन आचारविचारात कर्म केवळ प्रत्यक्ष करणाऱ्याचे मानलेले नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याच्या कृतीस मान्यता दिलेले, अशा तिन्ही वाटांनी कर्मबंध होतो. होकार देणे ही किती गंभीर कृती आहे, याची जाण या विचारात आहे. आधुनिक वैद्यकाला मात्र रुग्णाच्या होकाराचे मोल पुरते उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

१९१४ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी, आपल्या शरीराचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीचा आहे, असे तत्त्व मांडले. नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांचा निवाडा करताना १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने ऐच्छिक संमतीस पहिले स्थान दिले. भारतात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या खटल्यात निर्णय दिला. भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले होते. जीवावरचे संकट नसताना रुग्ण शुद्धीवर येण्याची वाट पाहणे आवश्यक होते, असे न्यायालयाने म्हटले.

अतिदक्षता विभागात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. रुग्ण बेशुद्ध किंवा कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो आणि भांबावलेले आप्त दिसेल त्या कागदावर सही करतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे इलेक्ट्रॉनिक नोंदी व स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. संगणकीय संमतिपत्र मातृभाषेत वाचून दाखविता येते, त्यावर दिनांक व वेळ उमटते, परगावच्या मुलापर्यंत ते तत्काळ पोहोचते. परंतु न वाचता बोट टेकविणे कागदावरील सहीहूनही सोपे आहे.

रुग्णाने आपली इच्छा आधीच नोंदवून ठेवणे हा त्यावरील एक मार्ग होय. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ करताना, ते डिजिटल आरोग्यनोंदीत समाविष्ट करण्याची मुभाही दिली.

साधन कागदाचे असो वा पडद्याचे, समजून-उमजून दिलेला होकार हाच खरा होकार. अनुमोदनेचे उत्तरदायित्व मानणाऱ्या समाजाने हा विवेक रुग्णशय्येपाशीही जागता ठेवावा, हेच उचित होय.